ओव्हरक्लॉक केलेला प्रोसेसर 'स्टेबल' आहे, हे कसे ठरवायचे?

कारखान्याने ठरवून दिलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने प्रोसेसर चालवणे म्हणजे ओव्हरक्लॉकिंग. बायोसमध्ये दोन-तीन आकडे बदलले की ते होते. खरा प्रश्न त्यानंतर सुरू होतो. वाढवलेल्या वेगावर हा प्रोसेसर सहा महिने, दोन वर्षे बिनचूक काम करेल का? त्यासाठी घेतल्या जाणाऱ्या चाचणीला स्ट्रेस टेस्ट म्हणतात, आणि ती 'पास' झाली की बहुतेक जण विषय संपला असे समजतात.

भंडाऱ्यासारख्या ठिकाणी हा समज महागात पडू शकतो. इथे जानेवारीतल्या रात्री पारा १२-१५ अंशांपर्यंत उतरतो आणि मे महिन्यात दुपारी ४५ च्या आसपास जातो. हिवाळ्यात पास झालेला प्रोसेसर उन्हाळ्यात तेच काम वेगळ्या परिस्थितीत करत असतो. त्यात गंमत अशी की लग्नसराई आणि पारा एकाच वेळी चढतात. लग्नाचे व्हिडिओ एडिट करणाऱ्याचा कॉम्प्युटर वर्षभरात सर्वांत जास्त राबतो तो एप्रिल-मेमध्येच, रात्र रात्र रेंडर लावून. कॅमेऱ्याचे कार्ड रिकामे करून पुढच्या लग्नाला नेलेले असते आणि आधीच्या लग्नाचे चित्रण फक्त या एका कॉम्प्युटरवर असते. अशा वेळी प्रोसेसरने चूक केली तर ते लग्न पुन्हा लावता येत नाही.

वेग वाढवला की आत काय होते

प्रोसेसर एका ठोक्यावर चालतो. साधारण १०० मेगाहर्ट्झचा मूळ क्लॉक गुणिले ५० असा गुणक ठेवला, तर ५ गिगाहर्ट्झ होतात, म्हणजे सेकंदाला ५०० कोटी ठोके. दोन ठोक्यांमध्ये मिळणारा वेळ ०.२ नॅनोसेकंद. एवढ्या वेळात प्रकाशसुद्धा फक्त ६ सेंटिमीटर जातो. तेवढ्यात विजेच्या संकेताने ट्रान्झिस्टरांच्या एका साखळीतून पार जाऊन शेवटी ० की १ यावर स्थिर व्हायचे असते. प्रोसेसरमध्ये अशा असंख्य साखळ्या असतात आणि त्यांतली सर्वांत सावकाश साखळी पूर्ण चिपच्या वेगाची मर्यादा ठरवते.

गुणक ५० वरून ५३ केला की प्रत्येक साखळीला मिळणारा वेळ कमी होतो. एखाद्या साखळीचे उत्तर स्थिर होण्याआधीच पुढचा ठोका पडला, तर चुकीचा बिट पुढे जातो. प्रोसेसर त्यासाठी थांबत नाही, इशाराही देत नाही. तो चुकीच्या बिटवर पुढचे गणित शांतपणे करत राहतो.

उपाय म्हणून व्होल्टेज वाढवतात, कारण जास्त व्होल्टेजला ट्रान्झिस्टर लवकर उघडतो-मिटतो. पण उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या आणि वेगाच्या प्रमाणात वाढते. दोन्ही १० टक्क्यांनी वाढवले तर वीज सुमारे ३३ टक्के जास्त लागते, आणि ती सगळी शेवटी उष्णता म्हणूनच बाहेर पडते. तापलेल्या चिपमधल्या तारांचा रोध वाढतो, गळतीचा प्रवाहही वाढतो. म्हणजे वेगासाठी जे दिले, त्यातले काही उष्णता परत घेते.

मग कंपनी आधीच जास्त वेग का देत नाही? कंपनीला त्या मॉडेलची हरेक चिप, तापलेल्या अवस्थेत, थोड्या ढासळलेल्या व्होल्टेजवर आणि काही वर्षे जुनी झाल्यावरही चालावी लागते. म्हणून ती शिल्लक राखून वेग ठरवते. ओव्हरक्लॉक करणारा हीच शिल्लक वापरतो. बियाण्याचे धान खाण्यासारखाच हा प्रकार. चालते, पण पुढच्या हंगामाचा हिशोब आधी करावा लागतो. प्रत्येक चिपची शिल्लक वेगळी असते, म्हणून यूट्यूबवर दुसऱ्या कोणाच्या त्याच मॉडेलवर चाललेले आकडे आपल्या चिपवर चालतीलच असे नाही.

विक्रमांच्या बातम्यांनीही गल्लत होते. डिसेंबर २०२२ मध्ये इंटेलचा कोअर आय९-१३९००के प्रोसेसर द्रवरूप हेलियममध्ये थंड करून ९ गिगाहर्ट्झच्या पुढे नेला गेला. विक्रमाची नोंद होण्यापुरते काही क्षण तो वेग टिकला की काम झाले. रोजच्या वापराशी त्याचा काही संबंध नाही.

न दिसणारी चूक

अस्थिर प्रोसेसर म्हटले की निळा स्क्रीन किंवा अचानक रीस्टार्ट डोळ्यांसमोर येतो. खरे तर तो बरा प्रकार, कारण काहीतरी बिघडले हे निदान कळते. चुकीचा बिट विंडोजच्या नाजूक भागात पडला तर यंत्र बंद पडते. तो फोटोच्या, व्हिडिओच्या किंवा हिशोबाच्या फाइलमध्ये पडला तर फाइल सेव्ह होते आणि चूक महिन्यांनी सापडते. तोवर बॅकअपमध्येही तीच बिघडलेली प्रत गेलेली असते.

ओव्हरक्लॉक न केलेल्या यंत्रांतही हे घडते. मेटा, म्हणजे फेसबुकच्या अभियंत्यांनी २०२१ मध्ये त्यांच्या सर्व्हरमधल्या एका प्रोसेसरची हकीकत प्रसिद्ध केली. १.१ चा ५३ वा घात काढून त्याचा पूर्णांक घेतला तर उत्तर १५६ येते. त्या चिपच्या एका कोअरवर ते ० यायचे. फाइलचा आकार शून्य आहे असे समजून प्रणाली ती फाइल सोडून द्यायची आणि फाइली गायब व्हायच्या. बाकीची बहुतेक गणिते तोच कोअर बरोबर करत होता.

मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी २०११ मध्ये सुमारे साडेनऊ लाख घरगुती कॉम्प्युटरांच्या क्रॅशच्या नोंदी तपासून एक शोधनिबंध मांडला. आठ महिन्यांच्या निरीक्षणात, ओव्हरक्लॉक केलेल्या यंत्रांमध्ये प्रोसेसरमुळे क्रॅश होण्याची शक्यता एका कंपनीच्या चिपमध्ये जवळपास २० पट आणि दुसऱ्या कंपनीच्या चिपमध्ये ४ पटींहून जास्त आढळली. एकदा हार्डवेअरमुळे क्रॅश झालेले यंत्र पुन्हा क्रॅश होण्याची शक्यता तर शंभर पटींपर्यंत वाढलेली दिसली. 'एकदाच झाले होते, नंतर नाही झाले' या समाधानात फारसा अर्थ नाही, हे या आकड्यांवरून दिसते.

त्याआधी, २००५ मध्ये, मायक्रोसॉफ्टमधले प्रोग्रॅमर रेमंड चेन यांनी एक मजेदार निरीक्षण लिहिले होते. काही क्रॅश अशा सूचनेवर होत होते जी क्रॅश होणे तर्काने अशक्यच. चौकशी केल्यावर त्यांतली बरीच यंत्रे ओव्हरक्लॉक केलेली निघाली आणि काही मालकांना ते माहीतही नव्हते, कारण ते काम दुकानदारानेच करून ठेवले होते. आपल्याकडे दुकानात असेंबल करून घेतलेला पीसी आणताना बायोसमध्ये काय बदलले आहे, हे विचारून घेतलेले बरे. रॅमची एक्सएमपी किंवा एक्स्पो ही सेटिंगही रॅमचे ओव्हरक्लॉकिंगच असते, आणि त्यात प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरवरही ताण येतो.

चाचणी चूक पकडते कशी

चांगल्या चाचणीचे मर्म असे, की तिला उत्तर आधीच माहीत असते. नुसते प्रोसेसर तापवणारे प्रोग्रॅम खूप आहेत. उत्तर पडताळून पाहणारे कमी.

यातले सर्वांत प्रसिद्ध नाव प्राइम९५. अमेरिकेतील जॉर्ज वोल्टमन यांनी १९९६ मध्ये मर्सेन मूळसंख्या शोधण्याचा सामूहिक प्रकल्प सुरू केला. जगभरच्या लोकांच्या घरगुती कॉम्प्युटरांवर कोट्यवधी अंकी गणिते चालतात. एक संख्या तपासायला कित्येक दिवस लागू शकतात आणि मध्ये एक बिट चुकला तर सगळे दिवस वाया. म्हणून यंत्र विश्वासार्ह आहे की नाही हे तपासणारी 'टॉर्चर टेस्ट' या प्रोग्रॅममध्येच आहे. तिच्यात ज्यांची उत्तरे माहीत आहेत अशी गणिते करून घेतात, आणि गणिताच्या मधल्या टप्प्यांवर पूर्णांकांपासून किती फरक पडतो तेही पाहतात. फरक ०.४ च्या वर गेला की चाचणी त्या कोअरचे काम थांबवते.

या चाचणीत छोट्या आकाराची गणिते निवडली तर ती प्रोसेसरच्या कॅशमध्येच मावतात आणि चिप सर्वांत जास्त तापते. मोठी किंवा मिश्र निवडली तर रॅम आणि मेमरी कंट्रोलरही तपासले जातात. फक्त छोट्या गणितांची चाचणी लावून रॅमबद्दल निश्चिंत होणे ही नेहमीची चूक आहे. लिनपॅक समीकरणांचे मोठे संच सोडवून उरलेली तफावत पाहते. वाय-क्रंचर हा पायचे अब्जावधी अंक काढणारा प्रोग्रॅम मेमरीच्या चुका पकडण्यात निर्दयी आहे. फक्त रॅमसाठी मेमटेस्ट८६ पेनड्राइव्हवरून विंडोज सुरू न करता चालवतात, आणि सुरुवात तिथूनच करावी. सिनेबेंचसारखी वेग मोजणारी चाचणी दहा मिनिटे चालली म्हणजे स्थिरता सिद्ध झाली, असे मात्र मानू नये.

आणखी एक गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. आजचे प्रोसेसर काम हलके असेल तेव्हा एकदोन कोअर सर्वांत जास्त वेगाने पळवतात, आणि सगळे कोअर राबत असतील तेव्हा वेग उतरवतात. त्यामुळे सर्व कोअरांवरची जड चाचणी तो सर्वोच्च वेग कधी तपासतच नाही. एएमडीच्या रायझेनमध्ये 'कर्व्ह ऑप्टिमायझर' वापरून व्होल्टेज कमी केलेले असेल, तर चाचणी रात्रभर पास होते आणि सकाळी ब्राउझर उघडताना पीसी रीस्टार्ट होतो. यासाठी कोअरसायकलर हे छोटे साधन आहे. ते प्राइम९५ एका वेळी एकाच कोअरवर फिरवते आणि कोणता कोअर कच्चा आहे ते नाव घेऊन सांगते.

चाचणी पास झाल्यावरही विंडोजचा इव्हेंट व्ह्यूअर उघडून पाहावा. 'व्हिया-लॉगर' या नावाखाली दुरुस्त झालेल्या हार्डवेअर चुकांची नोंद असेल, तर चुका होत आहेत आणि प्रोसेसर त्या कशाबशा सांभाळून घेत आहे, असा अर्थ होतो.

किती तास?

कोणी एक तास सांगतो, कोणी चोवीस. संख्याशास्त्रातला एक सोपा नियम इथे उपयोगी पडतो. चुका यादृच्छिकपणे पण सारख्याच दराने होत असतील आणि 'क्ष' तासांत एकही चूक दिसली नाही, तर ९५ टक्के खात्रीने एवढेच म्हणता येते की दोन चुकांमधले सरासरी अंतर 'क्ष' भागिले ३ तासांपेक्षा जास्त आहे. म्हणजे एक तासाच्या स्वच्छ चाचणीने खात्री मिळते ती सरासरी २० मिनिटांची. चोवीस तासांनी ८ तासांची. रात्रभराच्या रेंडरला तीही तोकडीच.

यातून सुटका एवढीच, की चाचणीचा भार रोजच्या कामापेक्षा खूप कडक असतो. कडक भाराखाली चोवीस तास टिकलेली चिप सौम्य भाराखाली त्याच्या अनेक पट टिकेल, ही अपेक्षा रास्त आहे. पण ती अपेक्षा आहे, हमी नाही. 'स्टेबल' हा शब्द नेहमी अमुक तापमानाला, अमुक कामासाठी, अमुक तासांपर्यंत अशा तीन शेपट्यांसह वाचावा.

भंडाऱ्याचा मे महिना

आता पहिली शेपटी. चिपचे तापमान म्हणजे खोलीचे तापमान अधिक वॅट गुणिले कूलिंगचा उष्णता-रोध. समजा प्रोसेसर २०० वॅट घेतो आणि त्याच्यावरच्या हीटसिंक-पंख्याचा रोध दर वॅटला ०.२५ अंश आहे. म्हणजे चिप खोलीपेक्षा ५० अंशांनी गरम राहील. जानेवारीत २२ अंशांच्या खोलीत ती ७२ वर असेल. मेमध्ये पत्र्याखालच्या किंवा वरच्या मजल्यावरच्या ४२ अंशांच्या खोलीत ९२ वर. इंटेलच्या बहुतेक अलीकडच्या डेस्कटॉप चिपची मर्यादा १०० अंश, रायझेन ७००० मालिकेतल्या बहुतेकांची ९५. पंख्यात धूळ बसली किंवा थर्मल पेस्ट सुकली की मधले अंतर संपलेच.

मर्यादेला पोचल्यावर प्रोसेसर स्वतःचा वेग उतरवतो. इथे एक फसवणूक होते. वेग उतरल्यामुळे चाचणी पास होते! तुम्ही ५.३ गिगाहर्ट्झ तपासायला बसलात आणि प्रत्यक्षात ४.६ तपासले गेले. म्हणून चाचणी चालू असताना एचडब्ल्यूइन्फोसारख्या प्रोग्रॅममध्ये प्रत्यक्ष वेग, तापमान आणि 'थर्मल थ्रॉटलिंग'ची खूण या तिन्हींवर नजर हवी.

विदर्भातल्या बहुतेक घरांत आणि दुकानांत उन्हाळ्यात डेझर्ट कूलर असतो. कोरड्या हवेत तो उत्तम चालतो. बाहेर ४४ असताना खोली तिशीच्या आसपास आणतो. त्यामुळे कूलर चालू ठेवून मेमध्ये घेतलेली चाचणी सोपी ठरते. कठीण वेळा दोन. पहिली, दुपारी वीज जाते तेव्हा. यूपीएसवर पीसी चालू राहतो, कूलर बंद पडतो आणि खोली तापू लागते. दुसरी, जूनच्या सुरुवातीला ढग येतात तेव्हा. हवेत दमटपणा वाढला की कूलर नुसता वारा देतो. तेव्हा चाचणी घ्यायची तर नवतप्यातल्या एखाद्या दुपारी, कूलर बंद करून, दारे-खिडक्या रोजच्यासारख्या ठेवून घ्यावी. त्रासदायक आहे खरे, पण वर्षातली सर्वांत वाईट खोली हीच असते आणि तिथे पास झालेला प्रोसेसर इतर अकरा महिने तापमानामुळे दगा देण्याची शक्यता कमी. कूलरचा झोत थेट कॅबिनेटवर मात्र घेऊ नये. पाण्याचे बारीक तुषार आणि त्यांतले क्षार बोर्डावर बसतात.

विजेच्या चढउताराचा संशयही आधी मिटवावा. दिवे मंद होताना पीसी रीस्टार्ट होत असेल, तर दोष एसएमपीएस किंवा यूपीएसचा असू शकतो. त्यासाठी तेच यंत्र मूळ सेटिंगवर आणून तशाच परिस्थितीत चालवून पाहणे हा सर्वांत सरळ मार्ग आहे. तिथेही तेच झाले, तर ओव्हरक्लॉकला दोष देण्यात अर्थ नाही.

चिप म्हातारी होते

आज पास झालेली चिप दोन वर्षांनी त्याच सेटिंगवर नापास होऊ शकते. ट्रान्झिस्टरवर सतत व्होल्टेज राहिल्याने त्याला उघडायला लागणारे किमान व्होल्टेज हळूहळू वाढत जाते, म्हणजे तो मंद होतो. जोराच्या प्रवाहाने धातूच्या सूक्ष्म तारांतले अणूही जागचे सरकतात. दोन्ही क्रिया तापमान आणि व्होल्टेज वाढले की फार वेगाने वाढतात. ओव्हरक्लॉकमध्ये नेमके हेच दोन वाढवलेले असतात, आणि म्हातारपणासाठी राखलेली शिल्लक आधीच खर्च झालेली असते.

याचे सर्वांत मोठे अलीकडचे उदाहरण इंटेलच्या १३ व्या आणि १४ व्या पिढीच्या डेस्कटॉप चिपचे. २०२४ मध्ये त्यांच्याबद्दलच्या तक्रारींचा गवगवा झाला. गेम सुरू होताना ग्राफिक्स कार्डची मेमरी संपल्याचा संदेश यायचा, पण दोष कार्डाचा नव्हताच. दाबलेल्या फाइली उलगडताना प्रोसेसरच चुकत होता. जास्त व्होल्टेज आणि तापमानामुळे कोअरमधला क्लॉक पोचवणारा एक परिपथ झिजतो आणि चिपला चालायला लागणारे किमान व्होल्टेज वाढते, असा निष्कर्ष इंटेलने त्या वर्षी जाहीर केला. ऑगस्टपासून मायक्रोकोडच्या दुरुस्त्या दिल्या आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. दुरुस्ती पुढची झीज रोखते, झालेली भरून काढत नाही. यातल्या अनेकांनी स्वतः काही ओव्हरक्लॉक केलेले नव्हते. या पिढीची चिप असेल तर आधी बायोस अपडेट आणि मगच बाकी सगळे.

शिल्लक संपवल्याचे जुने उदाहरणही इंटेलचेच. जुलै २००० च्या अखेरीस बाजारात आणलेला १.१३ गिगाहर्ट्झचा पेंटियम ३ महिन्याभरात परत मागवावा लागला. स्वतंत्र परीक्षकांना त्यावर लिनक्सचे कर्नल कंपाइल करताना चुका सापडल्या होत्या. 

म्हणून चाचणी एकदाची नसते. सेटिंग बदलल्यावर, बायोस अपडेट केल्यावर, रॅम वाढवल्यावर आणि दरवर्षी उन्हाळ्याच्या तोंडाशी, लग्नाच्या तारखा सुरू होण्याआधी, ती पुन्हा घ्यावी. वहीत तारीख, खोलीचे तापमान, वेग, व्होल्टेज, चाचणीचे नाव आणि तास लिहून ठेवावेत. मागच्या वर्षी १.२८ व्होल्टवर पास होणारी चिप यंदा १.३० मागू लागली, तर झीज सुरू झाली आहे हे वहीतूनच कळते. तेव्हा व्होल्टेज आणखी वाढवण्यापेक्षा वेग उतरवावा. व्होल्टेज वाढवले तर झीजही वाढेल आणि पुढच्या वर्षी तोच प्रश्न जास्त लवकर येईल.

चाचणी जिथे पहिल्यांदा पास झाली, त्या काठावर थांबू नये. ५.२ गिगाहर्ट्झ काठावर असेल तर रोजच्या वापरासाठी ५.० ठेवावेत. ५.० वर तासभर चालणारे रेंडर ५.२ वर जास्तीत जास्त सव्वादोन मिनिटे आधी संपेल. ज्यांच्याकडे दुसऱ्याचे चित्रण, हिशोब किंवा जमिनीच्या मोजणीची माहिती असते, त्यांनी हा सव्वादोन मिनिटांचा सौदा करू नये, असे माझे मत. कार्डवरून कॉपी केलेल्या फाइलींची मूळ फाइलींशी एसएचए-२५६ पद्धतीने तुलना झाल्याशिवाय कार्ड रिकामे करू नये. विंडोजमध्ये हे मोफत होते.

राहिली वॉरंटी. इंटेल आणि एएमडी दोघेही गुणक मोकळा असलेले प्रोसेसर विकतात, पण ओव्हरक्लॉकिंगमुळे झालेले नुकसान दोघांच्याही नेहमीच्या वॉरंटीत बसत नाही.